मन्नूबियाच्या टाक्याचं पाणी

माझ्या धाकट्या जावेला, मन्नूबियाला, दोन गोष्टींचा गर्व होता: तिची दोन मुलं आणि तिच्या टाक्याचं पाणी. रूपाचा असता तर मी समजून घेतलं असतं, कारण रूप होतंच. पण आरशात ती फारशी बघायची नाही. पाहुणा दारात आला की आधी हातात पाण्याचा पेला, मग ख्यालीखुशाली. तो पीत असताना ही त्याच्या तोंडाकडे बघत उभी. "असं पाणी अख्ख्या जेर्बात नाही" असं तो म्हणेपर्यंत जागची हलायची नाही.

पाणी चांगलं होतं, हे मी नाकारत नाही. आमच्या जेर्बा बेटावर विहिरी खारट. प्यायचं ते पावसाचं, चुन्याने सारवलेल्या उतरत्या अंगणावरून जमिनीखालच्या टाक्यात उतरलेलं. टाकी सगळ्यांकडे होती, पण मन्नूबियासारखं अंगण कुणाचं नव्हतं. पावसाळ्याआधी ती स्वतः गुडघ्यांवर बसून ते घासायची, चुना लावायची. एकदा त्या अंगणावर शेजारची कोंबडी चढली, तर ही कोंबडीला सोडून शेजारणीच्या अंगावर धावून गेली होती. ईदेला चहासाठी अख्खी गल्ली तिच्याकडे भांडी घेऊन यायची. ती प्रत्येकीला द्यायची, हात आखडता घ्यायची नाही. पण देताना एखादं वाक्य टाकायची. "तुझ्या टाक्यात यंदाही शेवाळ का गं?" असं काहीतरी.

मग नळ आला. सरकारने मोठ्या रस्त्याने पाइप टाकला आणि माझं घर रस्त्याला लागून, म्हणून आमच्या भागात पहिली तोटी माझ्या अंगणात बसली. पाण्याला औषधाचा वास यायचा, खरं आहे. तरी मला कोण आनंद झाला होता. मी गल्लीतल्या बायकांना चहाला बोलावलं. मन्नूबिया आली, पेला नाकाशी नेला आणि खाली ठेवला.

"जाऊबाई, चहाला बोलावलंत की दवाखान्यात आणलंत?"

सगळ्या हसल्या. मीही हसले, काय करणार. तिचा यूनुस तेव्हा पाच वर्षांचा. आईचं बघून त्यानेही घोट घेतला आणि अंगणात थुंकला. तेव्हापासून ती दोन्ही मुलं माझ्या घरी पाणी प्यायची नाहीत. खेळून घामाघूम झाली, जीभ बाहेर आली तरी "घरी जाऊन पिऊ" म्हणायची. तीन वर्षांची आरबिया तर मी पेला पुढे केला की दोन्ही हातांनी तोंड झाकायची. मला हसूही यायचं आणि रागही. त्या दिवसापासून मी मन्नूबियाला पाण्यात पाहू लागले, हे आता कबूल करते.

आमच्याकडचे पुरुष दुकानं चालवायला ट्युनिसला असतात. माझा नवरा आणि तिचा शाबान यांचं मिळून एक किराणा दुकान. सहा महिने एकाने बसायचं, सहा महिने दुसऱ्याने. त्या उन्हाळ्यात शाबानची घरी यायची पाळी होती आणि त्याच्या डोक्यात शहरी संडास शिरला होता. फिकट हिरव्या फरशा, पांढरं भांडं, साखळी ओढली की धो धो पाणी. तोवर आम्ही सगळे परसातल्या खोपटात जायचो, वर राख टाकायचो, वर्षाकाठी ते खजुरांच्या मुळाशी जायचं. मन्नूबियाला वाटलं, एवढा खर्च करायचा तर तो परसात कशाला दडवायचा? पाहुण्यांच्या खोलीला लागून हवा, पुढच्या दाराशी, म्हणजे परक्या माणसाला घरातून जावं लागणार नाही. गवंडी शहरातला. त्याने मान डोलावली आणि मैल्याचा खड्डा दाराजवळच खणला.

मी त्या दिवशी चाळण परत करायला गेले होते. खड्ड्याशी उभी राहिले. माझा बाप टाकी खोदायचा. तो नेहमी सांगायचा की टाकं आणि घाण यांच्यामध्ये निदान चाळीस पावलं पाहिजेत. मी डोळ्यांनी खड्ड्यापासून टाक्यापर्यंतची पावलं मोजली. नऊ भरली. मी तोंड उघडलं. तेवढ्यात दारातून मन्नूबिया म्हणाली, "काय जाऊबाई, एवढं निरखून बघताय? तुम्हालाही असाच हवाय वाटतं." गवंडी हसला. मी तोंड मिटलं, चाळण ओट्यावर ठेवली आणि घरी आले.

पुढचे दोन महिने गल्लीतल्या बायका तो संडास बघून येत होत्या. मुलं दिवसभर साखळी ओढायची. शाबान आपली पाळी संपवून ट्युनिसला गेला आणि माझे यजमान अजून तिथून निघायचे होते, तेवढ्यात पाऊस झाला. चांगला झाला. मन्नूबियाचं टाकं गळ्याशी भरलं आणि तिचा पेला पुन्हा पाहुण्यांच्या हातात फिरू लागला.

आधी यूनुसला ताप आला. ती म्हणाली, दृष्ट लागलीय. कुणाची ते बोलली नाही, पण बघितलं माझ्याकडे. मुलाच्या उशाखाली मीठ ठेवलं, धूप फिरवला, आणि दर तासाला टाक्यातून गार पाणी काढून त्याला पाजलं. "आपलं पाणीच औषध आहे" असं म्हणत कपाळावर त्याच्याच पट्ट्या. चौथ्या दिवशी आरबिया निजली ती उठेना. जीभ पांढरी, पोट फुगलेलं, डोळे अर्धवट उघडे. मी म्हटलं, दवाखान्यात ने. ती म्हणाली, माझी मुलं आजवर दवाखान्याची पायरी चढलेली नाहीत. हे ती पूर्वीही म्हणायची, पण तेव्हा चारचौघांत मिरवायला. आता तिचा आवाज लागत नव्हता.

आठव्या दिवशी मीच टॅक्सी बोलावली. हूमत सूक या बेटावरच्या मोठ्या गावातल्या इस्पितळातल्या डॉक्टरांनी टायफॉईड सांगितला आणि दोघांना ठेवून घेतो म्हणाले. तिने वॉर्डात डोकावून पाहिलं. एका खाटेवर दोन-दोन मुलं, चादरींवर डाग. "माझी मुलं कुणाच्या घामावर झोपणार नाहीत," असं म्हणून तिने आरबियाला खांद्यावर घेतलं, यूनुसला माझ्या कडेवर दिलं आणि गोळ्या-औषध घेऊन परत आली. डॉक्टर मागून काय बोलले ते तिने ऐकलं नाही. मी ऐकलं. आठवडाभरात आतडं फुटू शकतं, असं ते म्हणाले. वाटेत मी तिला सांगितलं, तर खिडकीबाहेर बघत राहिली.

दुसऱ्या दिवशी सरकारी नर्सबाई आली. तरुण होती, मोपेडवरून आलेली, हातात वही. कोण काय खातं, दूध कुठलं, भाजी कशाने धुता, असं सगळं विचारून झाल्यावर तिने विचारलं, "मुलं पाणी कुठलं पितात?"

मी मन्नूबियाकडे पाहिलं. ती आरबियाच्या पायांना तेल चोळत होती. हात थांबला नाही.

"नळाचं," ती म्हणाली. "आमच्या थोरल्या जाऊबाईंच्या घरचं."

नर्सबाईने माझ्याकडे बघून विचारलं, खरं का? मी हो म्हटलं. का म्हटलं, विचारू नका. परक्या बाईसमोर घरच्या बाईला खोटं पाडायचं नाही, हे आम्ही आईच्या दुधाबरोबर प्यालोय. आणि दोन आजारी मुलं मध्ये पडलेली. रागाने माझे कान तापले होते, तरी मी हो म्हटलं. नंतर एकटी सापडली तेव्हा मी विचारलं, हे काय केलंस? ती म्हणाली, खरं सांगितलं असतं तर त्यांनी टाक्यात औषध ओतलं असतं, झाकणाला कुलूप लावलं असतं. सासऱ्यांच्या बापाने बांधलेलं टाकं, नावाला बट्टा लागला असता. तुमच्या नळाचं काय, त्याला नाव थोडंच आहे.

नर्सबाई माझ्या तोटीचं पाणी बाटलीत भरून घेऊन गेली. जाताना तिने घरोघरी सांगितलं, तपासणी होईपर्यंत नळाचं पाणी कुणी पिऊ नका. तोवर गल्लीतल्या निम्म्या घरांत नळ आला होता आणि त्यांची टाकी धूळ खात पडली होती. मग त्या बायकांनी जावं कुठे? दुपार व्हायच्या आत मन्नूबियाच्या दारात डबे, घागरी, प्लास्टिकचे कॅन यांची रांग लागली. सगळ्यात पुढे खमीसा. तिचा नातू तर पहिल्यापासून येता-जाता इथेच पाणी प्यायचा.

मन्नूबिया मुलांच्या उशाजवळून उठली आणि स्वतःच्या हाताने दोर ओढून एकेकीचं भांडं भरू लागली. आत मुलं तापाने फणफणत होती. तरी तिची मान ताठ झाली, ते मी पाहिलं. "लाजू नका," ती म्हणत होती, "टाकं भरलेलं आहे."

मी घरी येऊन बसले. चूल पेटवली नाही. नऊ पावलं, नऊ पावलं, एवढंच डोक्यात घुमत होतं. सकाळी उठून कपड्यांना घालायच्या निळीच्या होत्या तेवढ्या सहा पुड्या घेतल्या आणि तिच्याकडे गेले. म्हटलं, ही नीळ तुझ्या संडासात टाकू दे. उद्या टाक्यातून बादलीभर पाणी काढू. पांढरं निघालं तर मी सगळ्या गल्लीसमोर तुझी माफी मागेन.

तिला कळलं. क्षणभर मला वाटलं ही आता मला हाकलून देणार. पण ती म्हणाली, "टाका. सगळी टाका, म्हणजे तुमच्या मनाची शांती होईल." आणि साखळी तिनेच ओढली. भांड्यावरची टाकी भरली की पुन्हा ओढायची, असं पाच-सहा वेळा.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने बादली काढली आणि पांढऱ्या घमेल्यात ओतली. पाण्याला किंचित निळसर झाक होती. ती म्हणाली, आभाळ दिसतंय. आम्ही घमेलं भिंतीच्या सावलीत नेलं. मग खोलीत नेलं आणि खिडकी लावून घेतली. शेवटी तिने डोक्यावरच्या पांढऱ्या ओढणीचा काठ त्यात बुडवला, पिळला आणि उजेडात धरला. काठ निळा होता. तिने दुसरा काठ बुडवून पाहिला.

ओढणी हातात धरूनच ती जमिनीवर बसली.

"तुम्हाला माहीत होतं," ती म्हणाली. "खड्डा खणला त्या दिवशी तुम्ही उभ्या होतात."

"शंका होती."

"मग बोलला का नाहीत?"

"बोलले असते तर ऐकलं असतंस?"

मला वाटलं, ती हो म्हणेल आणि आयुष्यभर ते माझ्या छातीवर ठेवील. तिने माझ्याकडे नीट पाहिलं. खोटं बोलायचा तिला हक्क होता, आणि कुणी तिला दोष दिला नसता.

"नाही," ती म्हणाली. "तुमचं तर नाहीच."

बाहेर भांड्यांचा आवाज येऊ लागला होता. रांग लागत होती. मी म्हटलं, तू मुलांजवळ बस, मी सांगते बायकांना काहीतरी. पाणी खाली गेलंय म्हणते, दोर तुटला म्हणते. ती उठली. ओढणी तशीच ओली, निळ्या काठाची, डोक्यावर घेतली आणि दारात जाऊन उभी राहिली. खमीसाने घागर पुढे केली. मन्नूबियाने ती घेतली नाही.

"हे पाणी पिऊ नका," ती म्हणाली. आवाज एवढा लहान की मागच्या बायका पुढे सरकल्या. तिने पुन्हा म्हटलं, आता मोठ्याने. "माझ्या संडासाची घाण टाक्यात उतरलीय. माझी मुलं त्यानेच आजारी आहेत. नर्सबाईंना मी खोटं सांगितलं. नळ चांगला आहे. काल-परवा नेलेलं ओतून द्या, भांडी उकळत्या पाण्याने धुवा, आणि ज्यांच्या मुलांनी प्यायलं त्यांनी आजच डॉक्टरकडे जा."

शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. ज्यांच्या कॅनमध्ये कालचं थोडं उरलं होतं त्यांनी ते तिथेच वाळूत उपडं केलं. खमीसा तशीच उभी होती. मग घागर टाकून ती घराकडे पळत सुटली. साठीची बाई, चपला हातात घेऊन पळाली.

मी टॅक्सीला निरोप पाठवला आणि घरून उकळलेल्या नळाच्या पाण्याचा तांब्या आणला. डॉक्टरांनी सांगितलं होतं, सारखं पाणी द्या. यूनुसने वास घेतला आणि तोंड फिरवलं. ओठ फुटून रक्त येत होतं, तरी फिरवलं.

"हे दवाखान्याचं आहे," तो म्हणाला. "आपलं दे."

मन्नूबिया म्हणाली, हे चांगलं आहे. तो म्हणाला, तूच म्हणायचीस हे घाण आहे. ती म्हणाली, मी चुकले. त्याला ते समजेना. त्याने आयुष्यात तिच्या तोंडून हा शब्द ऐकला नव्हता. तेव्हा तिने पेला भरून त्याच्यासमोर घटाघटा प्यायला, मग दुसरा, मग तिसरा. प्रत्येक पेल्याला "गोड आहे बघ, किती गोड आहे" म्हणत होती, आणि पाणी तिच्या हनुवटीवरून गळ्यात उतरत होतं. चौथ्या पेल्याला त्याने तोंड उघडलं.

आरबियाने उघडलं नाही. तिच्यात मान वळवायची ताकद नव्हती, तरी पेला जवळ येताच तिने दोन्ही हात उचलले आणि तोंडावर ठेवले. मन्नूबियाने तिची बोटं एकेक करून बाजूला केली. ती पुन्हा तिथेच आली. शेवटी मी हात धरून ठेवले आणि आईने चमच्याने थेंब थेंब सोडला. त्यातला अर्धा गालावरून ओघळला. टॅक्सी येईपर्यंत आम्ही दोघी तेवढंच करत होतो.

या वेळी वॉर्डात तिने चादरीकडे पाहिलं नाही. दाराशी खमीसा भेटली, नातवाला मांडीवर घेऊन बसलेली. त्यालाही ताप होता. मन्नूबिया तिच्यासमोर थांबली. खमीसाने मान वर केली नाही. नर्सने विचारलं, एका खाटेवर दोन मुलं चालतील का? मन्नूबिया म्हणाली, "चालतील. जमिनीवरही चालतील."

यूनुसचा ताप सहाव्या दिवशी उतरू लागला. आरबिया चौथ्या दिवशीच गेली. आतडं फुटलं होतं. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की आठवडाभर आधी ठेवून घेतलं असतं तर कदाचित. मी ते वाक्य कुणाला सांगितलं नाही. तिला सांगायची गरज नव्हती, ते तिनेच स्वतःला सांगितलेलं तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. मी मात्र माझ्या नऊ पावलांचा हिशेब अजून करते. ती बोलली नाही म्हणून तो सुटला असं नाही.

शाबान आणि आमचे हे ट्युनिसहून पोचले, मुलीला पुरलं, आणि तीन दिवस माणसं भेटायला येत राहिली. यूनुस इस्पितळातच होता. माझी सून त्याच्याजवळ बसली होती. मयताच्या घरी तीन दिवस चूल पेटत नाही, शेजारणी कुसकुस आणि भाकरी घेऊन येतात. त्याही आल्या. कुणी काही कमी केलं नाही. रडल्या, तिला छातीशी धरलं, मुलीचे गुण सांगितले. पण प्रत्येकीने अंगाभोवती गुंडाळलेल्या पांढऱ्या चादरीच्या घडीत काहीतरी टणक होतं, हे माझ्या आधी मन्नूबियाच्या लक्षात आलं. एक बाई उठून दारामागे गेली आणि पाठ करून काहीतरी तोंडाला लावून आली. मग दुसरी गेली. पाण्याच्या बाटल्या होत्या. सगळ्यांनी घरून आणल्या होत्या, आणि तिला दिसू नये म्हणून लपवल्या होत्या. टाकं केव्हाच उपसलं होतं, घरात माझ्या नळाचं पाणी होतं, हे सगळ्यांना माहीत होतं. तरी आणल्या होत्या. एक बाटली माझ्याही चादरीत होती. सकाळी निघताना हात आपोआप बाटलीकडे गेला होता.

मन्नूबिया उठली. मला वाटलं, आता हिचं डोकं फिरणार. ती कपाटापाशी गेली, पाहुण्यांसाठी ठेवलेले पेले काढले, पदराने एकेक पुसला आणि थाळीत मांडून बायकांच्या मधोमध ठेवले. सगळे रिकामे.

"दारामागे कशाला जाता," ती म्हणाली. "इथेच ओता. बसून प्या."

ती तिथेच जमिनीवर बसली.

"मलाही द्या थोडं. सकाळपासून घशाखाली काही उतरलं नाही."

खोलीत वीसेक बायका होत्या. मी चादरीत हात घातला, पण बाहेर काढायची हिंमत होईना. कोपऱ्यात खमीसा बसली होती. तिचा नातू अजून इस्पितळात होता. जगेल की नाही, ते त्या दिवशी कुणाला ठाऊक नव्हतं. ती गुडघ्यांवर सरकत पुढे आली, बाटलीचं बूच काढलं आणि एक पेला भरला. थोडं थाळीत सांडलं.

मन्नूबियाने पेला दोन्ही हातांनी घेतला.

"हळू पी," खमीसा म्हणाली.